आतला मापक : कोयनेच्या गॅलरीपासून प्रोसेसरच्या डायोडपर्यंत



आजच्या विषयाची पाटी वाचून दोघातिघांनी मघाशी विचारलंच, की इतिहासाच्या व्याख्यानात हा प्रोसेसरचा सेन्सर कुठून आला? प्रश्न रास्त आहे. तुमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक छोटा प्रोग्रॅम दिसतो आणि म्हणतो, प्रोसेसरचं तापमान ४७ अंश. हा आकडा कोणी मोजला, कुठं बसून मोजला, कशाच्या तुलनेत मोजला? मोजणारा सेन्सर प्रोसेसरच्या आतच आहे. प्रोसेसर तापला की तोही तापतो, प्रोसेसर जळला की तोही जळतो. ज्याची तब्येत बघायची त्याच्याच पोटात बसलेला हा वैद्य. त्याच्या शब्दावर किती जायचं?

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो कॉम्प्युटरचा नाही, धरणाचा आहे. म्हणून आधी कोयनेला जाऊ.

कोयना धरणात १९६२ च्या सुमाराला पाणी साठायला लागलं. १०३ मीटर उंचीचं, रबल काँक्रीटचं धरण. तेव्हाच्या पुस्तकी समजुतीप्रमाणे दख्खनचं पठार म्हणजे हजारो वर्षं न हललेली, घट्ट, म्हातारी जमीन. इथं भूकंप? छे. पण पाणी चढायला लागलं तसे परिसरात हादरे जाणवायला लागले, जमिनीतून गुरगुरल्यासारखे आवाज यायला लागले. मग खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने आसपास भूकंपलेखक बसवले. एक गोष्ट इथं लक्षात ठेवायला हवी. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटलं होतं. धरणाबद्दलची भीती ही तेव्हा महाराष्ट्रात कल्पनेतली गोष्ट नव्हती, पुण्यातल्या लोकांनी ती अंगावर घेतलेली होती. कोयनेच्या खाली तर पाटण, कऱ्हाड, मग कृष्णेला लागून सांगलीपर्यंत सगळी वस्ती.

या काळात धरणाच्या गॅलरीत, म्हणजे धरणाच्या अंगातून जाणाऱ्या बोगद्यासारख्या वाटेत, १ए नावाच्या ठोकळ्यात आणखी एक यंत्र होतं. त्वरणलेखक. जमिनीला हिसका किती जोराचा बसला ते कागदावर उतरवणारं.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता ६.३, काही नोंदींत ६.५. कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. सुमारे १८० माणसं गेली. डिसेंबरातली पहाट, माणसं झोपेत. जे वाचले त्यांनी अंधारात पहिला विचार कशाचा केला असेल हे सांगायला नको. धरण उभं आहे का? शिवसागरात पाणी तळापासून सुमारे ९२ मीटर उंचीवर होतं.

धरण उभं होतं. पण त्याला काय झालंय हे बाहेरून बघून पूर्ण कळणार नव्हतं. आणि गॅलरीतल्या त्या यंत्राने मात्र त्या काही सेकंदांत आपलं काम केलेलं होतं.

आता यंत्रांच्या स्वभावाबद्दल थोडं बोलतो, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. भूकंप मोजणारी यंत्रं दोन जातींची. एक संवेदनशील सिस्मोग्राफ. तो दूरचा, बारीकसा हादराही टिपतो. पण मोठा धक्का जवळ बसला की त्याची रेघ कागदाबाहेर जाते. ज्या क्षणी तुम्हाला आकडा हवा, नेमका त्याच क्षणी तो हात वर करतो. दुसरी जात त्वरणलेखकाची. हा झोपलेला असतो. किरकोळ हादऱ्याला उठतच नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे हिसका बसला की स्विच पडतो आणि फोटोचा कागद फिरायला लागतो. म्हणजे उठेपर्यंतचा क्षण त्याच्या नोंदीत नसतो. पण मोठ्या धक्क्यात तो भानावर असतो, त्याचसाठी त्याला ठेवलेला असतो. एकाच्या कामाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली तर दोघेही खोटारडे ठरतील.

गॅलरीतल्या यंत्राने तीन दिशांचे आकडे दिले. गुरुत्वीय त्वरणाच्या मापात सांगायचं, तर धरणाच्या लांबीच्या दिशेला ०.६३, नदीच्या प्रवाहाच्या दिशेला ०.४९ आणि उभ्या दिशेला ०.३४. हा ०.६३ चा आकडा तेव्हापर्यंत जगात कुठंही नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी होता. भूकंप अभियंते ज्याचा दाखला ऊठसूट देत, तो १९४० चा कॅलिफोर्नियातला एल सेंट्रोचा धक्का साधारण एक तृतीयांशाचा होता.

आणि धरणाच्या आराखड्यात धरलेला भूकंप-गुणांक किती? ०.०५.

इथं श्रोत्यांना वाटतं की झालं, पकडलं! बारापट चूक! तसं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण हा हिशेब बऱ्याच ठिकाणी असाच फेकला जातो. आराखड्यातला गुणांक हा सतत ढकलणारा, स्थिर भार म्हणून धरतात. यंत्राचा आकडा म्हणजे एका क्षणाचं टोक. दोन्ही एका तराजूत टाकता येत नाहीत. पण एवढं सांभाळूनही फरक इतका मोठा होता की कोणालाही वाटावं, यंत्रच बिघडलं असेल. ते धरणाच्या आत होतं ना? मग त्याने जमिनीची हालचाल मोजली की धरणाच्या ठोकळ्याची स्वतःची थरथर? हा प्रश्न खवचट नाही. घंटेच्या आत बसून घंटेवर पडलेला टोला मोजायचा, तर टोला आणि घणघणाट वेगळा कसा काढणार?

रुरकी विद्यापीठातल्या जय कृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी यांनी या नोंदीचं विश्लेषण करून १९६९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ते काम आज वाटतं तितकं सोपं नव्हतं. कागदावरच्या वाकड्या रेघेवरून आकडे घ्यायचे. त्वरणावरून वेग, वेगावरून सरकणं काढायचं, म्हणजे दोनदा बेरीज करत जायचं. सुरुवातीची शून्य रेषा केसभर चुकली तरी शेवटी जमीन भलतीकडंच गेलेली दिसते. आणि यंत्र उशिरा जागं होत असल्यामुळे ती शून्य रेषा नक्की कुठं, हे आधी ठरवावं लागतं.

पण यंत्राला खरा साक्षीदार मिळाला तो धरणाकडूनच. न सांडणाऱ्या भागातल्या उंच ठोकळ्यांना आडव्या भेगा गेल्या होत्या, आणि त्या एका विशिष्ट उंचीच्या आसपास होत्या. धरणाच्या खालच्या अंगाचा चढ जिथं एकदम बदलतो, तिथं. काही ठिकाणी त्या उंचीवरून पाणी झिरपताना दिसलं. पुढं बर्कलीमध्ये अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी हीच नोंद घेऊन कॉम्प्युटरवर गणित मांडलं. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की असा धक्का दिला तर या धरणात सगळ्यात जास्त ताण बरोबर त्या चढ बदलण्याच्या जागी येतो, आणि तो काँक्रीटला न झेपणारा असतो. स्थिर गुणांकाच्या जुन्या हिशेबात हे दिसतच नव्हतं. यंत्राने एक गोष्ट सांगितली, भेगांनी दुसऱ्या भाषेत तीच सांगितली, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आकड्यावर विश्वास बसतो तो असा. नुसतं यंत्र चांगल्या कंपनीचं आहे म्हणून बसत नाही.

त्याचे परिणाम झाले. भेगा भरल्या, पोलादी केबलांनी धरण आवळलं, उंच ठोकळ्यांना मागून टेकू बांधले. १९७० मध्ये देशाच्या भूकंप-नकाशात सुधारणा झाली आणि कोयनेचा परिसर थेट चौथ्या झोनमध्ये गेला.

एक मजेशीर गोष्ट सांगून पुढं जातो. कोयनेची ही नोंद आज जगभर धरणांच्या गणिताची परीक्षा म्हणून वापरतात. काँक्रीटला भेग कशी जाते याचं नवीन सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, की त्याला आधी कोयना सोडवायला देतात. ॲबॅकस नावाचं नावाजलेलं इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर आहे, त्याच्या उदाहरणांच्या पुस्तकात आपली कोयना आहे. त्यात १ए ठोकळ्यातली नोंद धरणाच्या पायाला बसलेला धक्का म्हणूनच देतात. ते गृहीत आहे, पण सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून मान्य केलेलं. तेव्हा पाटण तालुक्यातल्या त्या पहाटेने जगातले किती प्रोसेसर तापवले असतील, कोण मोजणार!

प्रोसेसरचा विषय निघालाच आहे.

१९९० च्या दशकात प्रोसेसरचं तापमान बाहेरून मोजत. मदरबोर्डवरच्या सॉकेटच्या मधोमध एक थर्मिस्टर उभा असायचा, प्रोसेसरच्या बुडाला टेकलेला. टेकला तर. उष्णता निघते वरच्या बाजूने, हीटसिंकमधून, आणि मोजायचं खालून. चुलीवरच्या भाकरीचं तापमान चुलीच्या बैठकीला हात लावून सांगण्यासारखं. आकडा कैक अंशांनी कमी यायचा, आणि उशिरा यायचा. हा उशीर जास्त घातक. हीटसिंक निसटला तर चिप काही सेकंदांत जाते, आणि हा थर्मिस्टर अजून गरम होत असतो.

म्हणून मापक आत नेला. प्रोसेसरच्या सिलिकॉनवरच एक डायोड कोरायचा. डायोडमधून ठरावीक करंट सोडला की त्याच्या टोकांवरचा व्होल्टेज तापमानाबरोबर उतरतो, एका अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट. प्रत्येक डायोड थोडा वेगळा निघतो, म्हणून युक्ती अशी, की एकदा लहान आणि एकदा मोठा करंट सोडायचा आणि दोन व्होल्टेजमधला फरक घ्यायचा. तो फरक तापमानाच्या सरळ प्रमाणात असतो. सुंदर युक्ती आहे. फक्त ते तापमान केल्विनमध्ये असतं. ७७ अंश सेल्सिअस म्हणजे ३५० केल्विन. डायोडचा गुणक एक टक्का चुकीचा धरला तर उत्तर साडेतीन अंशांनी चुकतं. तारांचा रोध मध्ये आला की आणखी थोडं. आणि हे व्होल्टेज वाचणारी चिप असते मदरबोर्डवर, वेगळ्याच कंपनीची. म्हणजे मापक आत, पण वाचणारा बाहेर.

याचा परिणाम काय होतो हे २००१ च्या सप्टेंबरात जगाने बघितलं. टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने एक व्हिडिओ काढला. कॉम्प्युटर चालू आहे, त्यावर गेम सुरू आहे, आणि कोणीतरी प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून काढतो. पेंटियम थ्री जागच्या जागी थांबला. पेंटियम फोर मंदावला, अडखळत राहिला, पण चालत राहिला. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. तो जुना ॲथलॉन, त्यात आतला डायोड नव्हताच. पण त्याच्या शेजारी नवा ॲथलॉन एमपी होता, त्यात डायोड होता, आणि तोही जळाला. कारण ज्या बोर्डावर तो बसवला होता त्या बोर्डाने डायोडचं ऐकून वेळेत वीज तोडली नाही. सेन्सर खरं बोलत होता. ऐकायला कोणी नव्हतं.

पेंटियम फोर वाचला, कारण इंटेलने त्यात मापणं, ठरवणं आणि मंद करणं हे तिन्ही चिपच्या आत ठेवलं होतं आणि मर्यादा कारखान्यातच पक्की केली होती. या रचनेचा हेतू नीट बघा. तिला "आत्ता किती अंश?" हे ठाऊकच नाही. तिला एवढंच कळतं, की ओलांडलं की नाही ओलांडलं.

पुढची पायरी २००६ मध्ये, कोअर ड्युओबरोबर आली. डिजिटल सेन्सर. आता प्रोसेसर आकडा देतो, पण कुठला आकडा? आपल्याकडचं उदाहरण घेतो. पावसाळ्यात सांगलीचा माणूस आयर्विन पुलाची पातळी विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्टात मध्यरात्री फोन येतो तेव्हा कोणी समुद्रसपाटीपासूनची उंची विचारत नाही. "अजून किती फूट आहे?" एवढंच विचारतात. इंटेलचा सेन्सर हेच सांगतो. कमाल मर्यादेपासून मी किती अंश खाली आहे, तेवढंच. मर्यादा १०० आणि सेन्सर म्हणाला ४०, म्हणजे तापमान ६०.

आता गंमत अशी, की मर्यादा १०० आहे की ८५, हे कंपनीने सुरुवातीला डेस्कटॉपच्या प्रोसेसरांसाठी जाहीर केलं नव्हतं. तापमान दाखवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी अंदाज बांधले. त्यामुळे एकाच मशीनवर एक प्रोग्रॅम ४५ म्हणायचा, दुसरा ६०. लोक सेन्सरला शिव्या द्यायचे, चूक होती वजाबाकीत. शेवटी २००८ मध्ये इंटेलने हे आकडे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या कोअर आय सेव्हनपासून ती मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता यायला लागली.

तरीही एक तक्रार उरली. काम नसताना, प्रोसेसर थंड असताना, आकडे वेडेवाकडे. काही ४५ नॅनोमीटरच्या कोअर टू प्रोसेसरांचे सेन्सर तर एका खालच्या आकड्यावर अडकूनच बसायचे, तापमान उतरलं तरी आकडा हलायचा नाही. इंटेलचं उत्तर सरळ होतं. हे सेन्सर कमाल मर्यादेजवळ अचूक ठेवलेत, त्यांचं काम प्रोसेसर वाचवणं आहे, निवांत वेळी खोलीचं हवामान सांगणं नाही. त्वरणलेखक आठवा. किरकोळ हादऱ्याला न उठणारा.

एएमडीचा मार्ग आणखी वेगळा. त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, की प्रोसेसर जो नियंत्रणाचा आकडा देतो ते कुठल्याही खऱ्या जागेचं तापमान नव्हे, पंखा किती फिरवायचा हे ठरवण्याची ती एक मोजपट्टी आहे. २०१७ चे रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या मोजपट्टीत मुद्दाम २० अंश वाढवून सांगायचे, पंख्याचं धोरण सगळ्या मॉडेलना एकच ठेवता यावं म्हणून. ज्यांनी कागद वाचला नव्हता त्यांनी मोठे कूलर विकत घेतले. आणि काही जुन्या एएमडी प्रोसेसरांत सेन्सर खरोखरच चुकीचा होता. कंपनीने दोषांच्या यादीत ३१९ क्रमांकाने ते कबूल केलं, आणि लिनक्समधला तापमान वाचणारा ड्रायव्हर अशा प्रोसेसरांवर बळजबरी केल्याशिवाय चालायलाच नकार देतो. मला हा नकार फार आवडतो. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा रिकामी जागा दाखवणारी यंत्रणा विरळा.

जागेचा प्रश्न तर आहेच. चिपवर ज्या कोपऱ्यात जास्तीत जास्त काम चालू आहे तिथला ठिपका, आणि काही मिलिमीटरवरचा सेन्सर, यांत अनेक अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून आजच्या प्रोसेसरमध्ये एक नाही, पुष्कळ सेन्सर पेरलेले असतात आणि सगळ्यांत गरम आकडा वर पाठवतात. कोयनेच्या गॅलरीतही यंत्र एका ठोकळ्यात होतं आणि भेगा गेल्या दुसऱ्या ठोकळ्यांना.

तापमानापाशी आलोच आहोत, तर परत आपल्या भागात येऊ. कोयनेचे हादरे थांबले नाहीत. १९६७ पासून पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के तिथं झाले. १९८५ पासून सांगली जिल्ह्यातल्या वारणेवर, चांदोलीला पाणी साठायला लागलं, आणि १९९३ नंतर हादऱ्यांचा जोर दक्षिणेकडं, वारणेच्या बाजूला सरकला. धरणाचं पाणी आणि भूकंप यांच्या नात्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून मांडणी केली. त्यावर वाद बराच चालला. शेवटी ठरलं, की वरून अंदाज पुरे, मापक भूकंपाच्या पोटातच नेऊ. त्यासाठी कऱ्हाडला केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा उभी राहिली. गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विंधनविहीर पूर्ण झाली. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण, मग खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक.

तिथं पहिला प्रश्न तापमानाचाच होता. सहा किलोमीटरवर १३० ते १५० अंश असतील असा अंदाज आहे. उपकरणातली इलेक्ट्रॉनिक्स तिथं किती दिवस जगेल? आणि मोजायचं कधी? छिद्र पाडताना वरून पाणी आणि चिखल फिरवत असतात, त्याने खडक थंड झालेला असतो. त्या दिवशी तापमापक सोडला तर तो अचूकच आकडा देईल, पण तो आकडा खडकाचा नसेल, ड्रिलिंगचा असेल. म्हणून विहीर सोडून द्यायची, निवळू द्यायची आणि पुन्हा पुन्हा मोजायचं, आकडा स्थिर होईपर्यंत.

एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर, तो घेतो आणि थांबतो. "घरच्या कॉम्प्युटरचा सेन्सर बरोबर आहे का हे कसं तपासायचं?"

सोपं आहे. सकाळी, रात्रभर बंद असलेलं मशीन चालू करा आणि लगेच बायोसमध्ये आकडा बघा. शेजारी साधा भिंतीवरचा तापमापक ठेवा. साधा पंखा आणि हीटसिंक असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही. एप्रिलमध्ये मिरजेत खोली ३८ आणि प्रोसेसर ३१ दाखवत असेल, तर तो खालचा आकडा सोडून द्या, त्यावर भांडू नका. मग मशीनवर जड काम लावा आणि दोन गोष्टी बघा : आकडा कमाल मर्यादेजवळ जातो का, आणि तिथं गेल्यावर प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो का. वेग उतरत असेल तर आतला सेन्सर त्याच्या कामापुरता जागा आहे. आकडा ६० वरच आहे आणि तरी वेग उतरतोय, असं दिसलं तर सेन्सर बदलायच्या भानगडीत पडू नका, तो बदलता येत नाही. आधी दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचून बघा, मग हीटसिंक उतरवून थर्मल पेस्ट बघा. आमच्याकडच्या धुळीत ती दोन-तीन वर्षांत खडूसारखी झालेली असते.